गोर्दाची अकरा जेवणं

माझा भाऊ एलिओदोरो स्वतःच्या साठीच्या समारंभात नाचताना खुब्याचं हाड मोडून बसला, ते साल २०११. पोलका नाचायचा हट्ट त्याचाच. दुसऱ्या गिरकीला बायको सुटली आणि तो केकच्या टेबलाखाली गेला. हाड मोडलं मार्चात, नात झाली एप्रिलात, आणि तिचा बाप्तिस्मा ठरला सप्टेंबरात. मधले पाच महिने एलिओदोरो घरात खुर्चीवर बसून होता. रिकामा माणूस आणि लहान मूल एका घरात दिवसभर राहिले की काय होतं, ते या प्रकरणात येईल.

नातीचं नाव ब्रिसेइदा, पण ते क्लिनिकच्या कागदावर. घरात ती पहिल्या आठवड्यापासून गोर्दा, म्हणजे जाडी. आम्हा सीमेपलीकडून, मिचोआकानहून आलेल्या लोकांत हे लाडाचं नाव. पाचव्या महिन्यात ते लाडाचं राहिलं नाही, साधं वर्णन झालं. तिच्या मनगटाला अशी वळी पडली होती की कुणीतरी दोरा करकचून बांधलाय असं वाटे. मान नव्हतीच. डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. आता राहतो त्या रीडली गावच्या बाजारात बायका थांबवून विचारायच्या, "वर्षाची झाली का?" आणि माझी भावजय एदुविहेस छाती फुगवून सांगायची, "पाच महिने!" जणू मुलीने शर्यत जिंकली होती.

बाप्तिस्म्याच्या रविवारी सकाळी दहा वाजता एदुविहेसने झगा काढला. हा झगा तिच्या आजीने विणलेला. सीमा ओलांडून इकडे येताना आम्ही भांडी टाकली, चपला टाकल्या, एलिओदोरोची गिटारही टाकली, पण झगा एदुविहेसने पोटाला बांधून आणला होता. आमच्या एकीवा घराण्याचं प्रत्येक मूल त्यातच ख्रिस्ती झालं.

गोर्दा त्यात जाईना.

"पोट आत घे," एदुविहेस नातीला म्हणाली.

"अमा, पाच महिन्यांची आहे ती," नाबोर म्हणाला. नाबोर त्यांचा धाकटा, गोर्दाचा बाप.

"मग तू धर. डावा हात वर कर तिचा. तसा नाही, अरे तसा नाही! फळांची खोकी अशी उचलतोस का?"

डावा हात गेला. उजवा कोपरापाशी अडला. एदुविहेसने ओढलं, मी ढकललं, गोर्दाने भोकाड पसरलं, आणि मानेचं शिंपल्याचं बटण उडून एलिओदोरोच्या कॉफीत पडलं.

"नेम बघा पोरीचा," एलिओदोरो खूश झाला.

तेवढ्यात यादिरा आली, केसांना अर्धे रोलर लावलेली. यादिरा आमची सून, तेवीस वर्षांची. पीच फळं निवडून खोक्यात भरायच्या कारखान्यात कामाला. लेकीचा एक हात झग्यात आणि एक बाहेर, तोंड टोमॅटोसारखं, हे तिने पाहिलं आणि ती रोलर काढायला लागली. एकेक काढून टेबलावर आपटत होती.

"काय खायला घालता हिला?"

"मी?" एदुविहेस म्हणाली. "तू बाटल्या ठेवून जातेस, त्या देते. चार. तुझ्याच दुधाच्या."

"आणि?"

"आणि काय? प्रेम."

"प्रेमाने बावीस पौंड होत नाहीत, दोन्या." सासूला ती दोन्या, म्हणजे बाईसाहेब म्हणते.

इथे गुरुवारची गोष्ट सांगायला हवी. ती यादिराने मला नंतर सांगितली. गुरुवारी ती लेकीला क्लिनिकला घेऊन गेली होती. तिथे बाळांची वजनं करणारी सेन्योरा बियालपांदो नावाची बाई आहे. आम्ही तिला वजनबाई म्हणतो. वजनबाईने काटा बघितला, तो शून्यावर आणला, पुन्हा वजन केलं. मग एक छापील कागद काढला. त्यावर नदीच्या पात्रासारख्या वाकड्या रेघा होत्या. "सगळी बाळं या रेघांच्या मधे कुठेतरी असतात," ती म्हणाली, आणि गोर्दाचा ठिपका तिने सगळ्यांत वरच्या रेघेच्याही वर, जिथे क्लिनिकचं नाव छापलेलं असतं तिथे काढला. तिने विचारलं, घरात कुणाला साखरेचा आजार आहे? यादिरा म्हणाली, घरात कुणाला नाही ते विचारा. सासूला आहे, सासऱ्याला आहे, आत्याला आहे. मग वजनबाईने गोर्दाला गादीवर ठेवलं आणि म्हणाली, हिने आता कुशीवर वळायला सुरुवात करायला हवी, पण हिला स्वतःचंच ओझं उचलत नाही. झोपेत घोरते का? यादिरा म्हणाली, आजोबांच्या सुरात सूर मिळवून. वजनबाई हसली नाही. तिने पुढच्या महिन्याची तारीख दिली आणि सांगितलं, तोवर हिच्या तोंडात काय काय जातं ते सगळं लिहून आणा.

यादिराला काय लिहावं कळेना. तिच्या हिशोबाने पोर फक्त तिच्याच दुधावर होती. कारखान्यात सुट्टी झाली की ती गाडीत बसून, खिडकीला टॉवेल अडकवून, दूध काढायची. एका हाताने पंप धरायचा, दुसऱ्या हाताने जेवायचं. आणि ते दूध पिऊन बावीस पौंड? तिला वाटलं, दोष आपल्याच दुधात आहे. तीन दिवस ती गप्प होती. चौथ्या दिवशी झगा अडला.

"ऐका," यादिरा म्हणाली. "माझ्या मुलीला जो कुणी काही खायला घालतो, त्याने ते आणून या टेबलावर ठेवायचं. आत्ता. नाहीतर चर्चमधून मी घरी येत नाही. थेट नोएमीबरोबर सालिनासला जाते, मुलीला घेऊन. बाळाची खुर्ची नोएमीच्या गाडीत बसवली आहे, बाहेर जाऊन बघा."

नोएमी तिची सालिनासला राहणारी बहीण, गोर्दाची होणारी धर्ममाता. ती दारातच उभी होती, गुलाबी पोशाखात. तिने मान डोलावली. आमच्यातली कुणीच तिला फारशी आवडत नाही, आणि ते ती लपवत नाही.

"बारा वाजता चर्चमध्ये मिस्सा आहे," एलिओदोरो म्हणाला.

"म्हणून तर म्हणते, आत्ता."

सगळ्यांनी नाबोरकडे बघितलं. नाबोरने छताकडे बघितलं. आई की बायको असा प्रश्न आला की त्याला छताला पडलेल्या भेगा मोजायच्या असतात. त्याला वाटत होतं, आपली भानगड बारीक आहे, ती निसटून जाईल. हे त्यानेच पुढे कबूल केलं.

मीच आधी उठले. कुणीतरी उठायलाच हवं होतं. मी फ्रीजमधून शेंगांच्या आमटीची वाटी काढून टेबलावर ठेवली.

"तिया त्रान्सितो!" यादिरा ओरडली. तिया म्हणजे आत्या, आणि त्रान्सितो मी. "तुम्हीसुद्धा?"

"सकाळी दहाला एदुविहेस कपडे धुवायला गॅरेजमध्ये जाते. तेव्हा. नुसतं वरचं पाणी ग, आणि त्यात चुरलेली अर्धी तोर्तिया. मला वाटलं, बिचारीला कुणी काही धडाचं देत नाही."

"नुसतं पाणी, त्यात डुकराची चरबी तरंगतेय," एदुविहेस म्हणाली. ती माझ्यावर भडकली होती. चोरून खाऊ घातलं म्हणून नव्हे, तिच्या पाठीमागे घातलं म्हणून.

"आता तुमचं आणा, दोन्या."

एदुविहेस ताठ मानेने गेली आणि दोन वस्तू घेऊन आली. एक मक्याच्या पिठाचा पुडा, एक दुधाच्या पावडरीचा डबा. तिसरी वस्तू यादिराने तिच्या एप्रनच्या खिशातून काढली. बाटलीचं रबरी निपल. त्याचं भोक गरम सुईने एवढं मोठं केलेलं की त्यातून वाटाणा गेला असता.

"आतोले," एदुविहेस म्हणाली. "दूध, मक्याचं पीठ, दालचिनी, साखर. पिठाने घट्ट होतं म्हणून भोक मोठं करावं लागतं. सकाळी एकदा, दुपारी एकदा. सगळ्या पोरांना मी हेच पाजलं."

"आणि हा डबा?"

"तो तुझ्या दुधात. तुझं दूध निळसर आहे ग मिहा, माझ्या पोरी. पाण्यासारखं. मी दोन चमचे घालते, जरा रंग येतो."

यादिराचा चेहरा पांढरा झाला. ते निळसर पाणी तिने भर उन्हात, टॉवेलाआड, घाम गाळत काढलं होतं. त्या क्षणी मला वाटलं, ही आता गेली सालिनासला. पण तेवढ्यात खुर्ची करकरली. एलिओदोरो कुबडी घेऊन उठला, कपाटाकडे गेला, आणि गोड पावाची पिशवी आणून त्याने टेबलावर ठेवली.

"कॉफीत बुडवून," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "चार वाजता, या दोघी मालिका बघतात तेव्हा."

"कॉफी! अपा, बाळाला कॉफी?" यादिरा सासऱ्याला म्हणाली.

"दुधाची आहे. साखर जास्त, कॉफी कमी."

"डॉक्टरने तुला साखर बंद केलीय!" एदुविहेस किंचाळली.

"म्हणून तर तिला देतो. मी फक्त वास घेतो."

नोएमी दारात हसली. मग यादिराने नवऱ्याकडे बघितलं. नाबोर अजून छतावर होता.

"नाबोर."

"काही नाही ग."

"नाबोर एकीवा."

"आइस्क्रीम. बोटाला लावून. तीन-साडेतीनला येतो तेव्हा. एकच बोट."

"कुठलं बोट?"

त्याने अंगठा दाखवला.

यादिरा मोजायला लागली. "पहाटे माझं अंगावरचं, एक. चार बाटल्या, पाच. संध्याकाळी पुन्हा माझं, सहा. आतोले दोनदा, आठ. आमटी, नऊ. कॉफी-पाव, दहा." हाताची बोटं संपली. अकरावं मोजायला तिने नाबोरचा तोच अंगठा धरला आणि असा पिळला की तो खाली वाकला.

"अकरा वेळा! गवंडीसुद्धा एवढं जेवत नाही! आणि प्रत्येकाला वाटतं की मूल उपाशी आहे!"

"रडते ती," एदुविहेस म्हणाली. "तू घरात नसतेस. तुला काय माहीत कशी रडते. पाच आठवड्यांची टाकून गेलीस पीचच्या मागे."

आता कुणीच हसत नव्हतं.

"टाकून गेले?" यादिरा म्हणाली.

"नाहीतर काय."

"अमा, पुरे," नाबोर म्हणाला. छतावरून खाली यायला त्याला एवढा वेळ लागला.

"तू मधे बोलू नकोस. तुलाही मी याच हातांनी वाढवला. नव्वद किलोचा झालास ना?"

"तोच तर मुद्दा आहे, अमा."

मग एलिओदोरो बोलला. तो सहसा गंमतच करतो. म्हणून त्याचा आवाज बदलला की घर ऐकतं.

"आउरेलियाचं सांग तिला."

"गप्प बस."

"मग मी सांगतो. आमची पहिली. सत्त्याहत्तर साली झाली. हिचं दूध आटलं, घरातला मका संपला. तांदळाचं पाणी पाजायचो. आठ महिन्यांची गेली, तेव्हा कोंबडीएवढी होती. तोच झगा घालून पुरायची होती, पण तो एवढा ढगळ झाला की तिला टॉवेलात गुंडाळलं. झालं. सांगितलं."

एदुविहेस मक्याच्या पुड्याची कडा दुमडत राहिली. मी तिची नणंद. मी सगळं बघितलेलं. चौतीस वर्षांत आउरेलियाचं नाव त्या घरात मोठ्याने निघालं ते त्या दिवशी.

यादिराने नाबोरचा अंगठा सोडला. मग म्हणाली, "दोन्या, मला माहीत नव्हतं."

"माहीत करून काय करणार होतीस?"

"काही नाही. पण ही आउरेलिया नाही. हिला काही कमी पडत नाहीये. वजनबाई म्हणते, ही वळत नाही."

"वळायचं कशाला? राणी आहे. बोलावलं की सगळे येतात."

"नाबोर कधी वळला होता?"

एदुविहेस पुन्हा पुड्याशी चाळा करायला लागली. उत्तर मी दिलं. "चौथ्या महिन्यात. खाटेवरून खाली पडला. तेव्हाच डोक्यावर पडला असणार."

यादिराने टेबलावरच्या वस्तू एका बाजूला सारल्या, ब्लँकेट पसरलं, झग्यातला हात सोडवला आणि गोर्दाला पाठीवर ठेवलं. एका कडेला तिने एलिओदोरोची गोड पावाची पिशवी धरून वाजवली. त्या आवाजावर गोर्दाचा जीव. तिने मान वळवली. मान म्हणजे जे काही होतं ते. डावा पाय उचलला. सगळं घर वाकलं. नाबोर तिच्याबरोबर स्वतःचा खांदा वळवत होता. एलिओदोरो एका कुबडीवर तिरका झालेला. नोएमीसुद्धा आत आली.

"चल ग, चल, माझी वाघीण," एलिओदोरो पुटपुटला.

पाय मधे आला. पोट आलं नाही. पोट जागच्या जागी बसलं, ओल्या पिठाच्या गोळ्यासारखं, आणि पाय परत पडला. तिने पुन्हा उचलला. पुन्हा पडला. तिला धाप लागली. नाकातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ती रडली नाही, नुसती पिशवीकडे बघत राहिली आणि तिसऱ्यांदा पाय उचलला.

"बास," एदुविहेस म्हणाली. "बास करा. थकली ती."

तिने नातीला उचललं आणि खांद्यावर घेतलं. तिची पाठ आमच्याकडे होती. बराच वेळ ती थोपटत राहिली. मग न वळताच म्हणाली, "मग मी काय करू? सांग ना. दिवसभर माझ्याकडे असते. मला गाडी येत नाही, इथली भाषा येत नाही, फोनवर तुम्ही काय बघता ते कळत नाही. ती रडते. मला एकच गोष्ट येते."

यादिराने फरशीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "पालथी ठेवायची. जमिनीवर. तुम्ही समोर बसायचं. रडली तर बोलायचं तिच्याशी. वजनबाई तेच म्हणाली. आणि बाटल्या चारच. माझ्याच. निळ्या तर निळ्या."

"जमिनीवर? माझ्या गुडघ्यांनी?"

"मग मी नेते सालिनासला."

एदुविहेसने वळून तिच्याकडे बघितलं. मला तो चेहरा ठाऊक आहे. सीमेवर तिसऱ्यांदा पकडून परत पाठवलं तेव्हा हाच होता. तिने नातीला यादिराच्या हातात दिलं, स्वतःचा चर्चचा चांगला पोशाख वर खोचला, एका हाताने खुर्ची, एका हाताने मला धरलं आणि हळूहळू स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली.

"ठेव," ती म्हणाली.

यादिराने गोर्दाला तिच्यासमोर पालथं ठेवलं. दोघींचे चेहरे वीतभर अंतरावर. गोर्दाने डोकं दोन बोटं उचललं, आजीला बघितलं आणि हसली. मग डोकं धपकन खाली.

"दोन बोटं," एदुविहेस म्हणाली. "बघितलंत ना सगळ्यांनी? दोन बोटं."

तिला उठवायला तिघे लागले. नाबोर काखेत, नोएमी कमरेला, मी हाताला. एलिओदोरो वरून हुकूम सोडत होता, आणि त्या गडबडीत नोएमीच्या गुलाबी पोशाखाला आमटीचा डाग पडला. मिस्साला आम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलो. झगा पाठीमागून गळ्यापासून खालपर्यंत कापला होता आणि टाचण्यांनी लावला होता. समोरून बघणाऱ्याला काही कळत नव्हतं. फादरने पाणी ओतलं तेव्हा ते मानेच्या वळ्यांत साठलं. ते आम्ही घरी येऊन पुसलं.

दुपारी अंगणात साठ माणसं होती. तांब्याच्या मोठ्या कढईत डुकराचं मांस तळलं जात होतं. एलिओदोरो खुर्चीत बसून पळी हलवत होता. आणि आमच्याकडच्या साठ माणसांत साठ जण बाळाला काही ना काही चाटवायला येतातच. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना सांगायला एदुविहेस होती.

नोएमीच्या सासूने सरबताचा चमचा आणला. एदुविहेसने चमचा काढून घेऊन स्वतःच्या खिशात टाकला. एका कोमाद्रेने, म्हणजे धर्माच्या नात्यातल्या मैत्रिणीने, पोटावर हात फिरवून म्हटलं, "किती सुकलीय ग बिचारी." एदुविहेस म्हणाली, "तुझे डोळे तपासून घे." शेवटी फादर आन्सेल्मो केकची मलई बोटावर घेऊन आले. त्यांच्या बोटावर तिने चापट मारली.

"फादर, हिच्या आत्म्याचं तुम्ही बघा. पोटाचं मी बघते."

यादिरा दारातून हे बघत होती. सकाळपासून ती सासूशी भांडायच्या तयारीत होती, आणि आता तिला सासूचा जाच आपल्या बाजूने होताना दिसत होता. त्याची तिला सवय नव्हती. "ही तर माझ्यापेक्षा वाईट आहे," ती मला म्हणाली. थोड्या वेळाने ती नोएमीच्या गाडीकडे गेली आणि बाळाची खुर्ची काढून आणली. नोएमीने फक्त विचारलं, डाग कशाने जातो.

एलिओदोरो मात्र उदास होता. त्याने मला हाक मारली.

"त्रान्सितो, पाव नसला तर ती माझ्याकडे कशाला येईल?"

"तुझं थोबाड बघायला."

"मी गंमत करत नाही."

मी गोर्दाला आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. तिने आधी त्याचे हात हुंगले. डुकराच्या चरबीचा वास, पावाचा नाही. तिने तोंड वाकडं केलं. तो हललाच नाही, श्वास धरून बसला. मग तिने त्याची मिशी मुठीत धरली आणि ओढली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने ती सोडवली नाही. मांस खालून करपलं. साठ माणसांनी ते तसंच खाल्लं.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं काही नाही. नाबोरचा अंगठा आणखी दोनदा पकडला गेला. मी स्वतः एकदा आमटी दिली. खोटं कशाला बोलू. पण एदुविहेस रोज सकाळी आणि दुपारी फरशीवर बसायची. ऑक्टोबरच्या एका मंगळवारी गोर्दा वळली. घरात एदुविहेसशिवाय कुणी नव्हतं. एलिओदोरो पायाच्या व्यायामाला गेलेला, मी बाजारात. आम्ही परत आलो तेव्हा आजी फरशीवर आडवी होती. आम्ही घाबरलो. ती म्हणाली, मी ठीक आहे, मला उठता येत नाही एवढंच, पण ही वळली, देवाशपथ वळली. कुणी विश्वास ठेवला नाही. गुरुवारी गोर्दाने वजनबाईसमोर वळून दाखवलं. ठिपका वर्षभर वरच्या रेघेच्या बाहेरच होता. मग पोर चालायला लागली, उंच झाली, आणि ठिपका हळूहळू खाली आला.

एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आली नाही. एदुविहेस आतोले करायची थांबली नव्हती. सवयीने रोज दोनदा करायची, दालचिनी आणि साखर घालून. नातीला द्यायचं नाही, आणि अन्न टाकणं तिला जमत नव्हतं, म्हणून ती स्वतः प्यायची, उभ्या उभ्या, मोरीपाशी. दोन वर्षं. आम्ही सगळे पोरीच्या तोंडात काय जातं ते बघत होतो.

एदुविहेस गुरुवारी, १३ फेब्रुवारी २०१४ रोजी, दुपारी दोन वाजता वारली. साखरेने मूत्रपिंडं निकामी झाली होती. वय त्रेसष्ट.